तोडलेला निवडुंग

बा, तुला पोरींची नावं कधी धड आठवली नाहीत. मला हाक मारायची तर आधी दोन्ही धाकटींची नावं घ्यायचास, मग म्हशीचं, आन् मग माझं. म्हणून सांगते, मी थोरली. डाव्या हाताचं बोट वाकडं असलेली. ते कुणी वाकडं केलं, तेवढं तरी आठव. नात लिहून घेतीय, मला अजून अक्षर येत नाय.

बांधावरल्या निवडुंगाची बोंडं खाल्ली होती मी. माझं लाल तोंड बघून तू कुऱ्हाडीच्या दांड्यानं हात फोडलास, मग त्याच कुऱ्हाडीनं निवडुंगाची खांडोळी करून शेजाऱ्याच्या बांधावर भिरकावलीस. पुढल्या पावसाळ्यात तुकडा न् तुकडा फुटला. शेजारी काठी घेऊन आला, दोघांची डोकी फुटली, आन् माय तुझ्या तळहातातले काटे काढत बसली. दरसाल तू तोडायचास, दरसाल तो वाढायचा. तुला कळलंच नाय.

आता ऐक. सिल्लोडकडच्या आमच्या कापसाच्या रानात या नातीनं सिमेंटचे खांब रोवले आन् त्यांच्यावर निवडुंगच चढवला. ड्रॅगन फ्रूट म्हणतात. आमच्या शिवारात कुणी लावलं नव्हतं. लोक बांधावर उभं राहून हसायचे. माझा लेक, म्हणजे हिचा बाप, राहतो शहरात, गारखेड्यात, राग मात्र तुझा घेऊन आलाय. एका रविवारी कोयता घेऊन रानात शिरला. "काळ्या रानात काटे लावती, बापाची अब्रू काढती," म्हणत सपासप तोडत सुटला. पोर खांबाला मिठी मारून उभी राहिली. त्यानं तिला केसाला धरून फरफटत नेऊन बाजूला टाकली. तिच्या कपाळातून रक्त आलं, तशी मी एक लांब फांदी उचलली आन् त्याच्या तोंडावर हाणली. एकदा नाय, तो खाली बसेपर्यंत.

मग मीच त्याच्या गालातले काटे काढत बसले. तो विव्हळायला लागला.

"गप बस," म्हणलं, "तुझा आजाबी असाच विव्हळायचा."

"तूबी त्याच्यासारखीच मारतीस."

"व्हय. त्याचीच लेक हाय."

पोर तोवर रक्त पुसत तुकडे गोळा करत होती. सावलीत ठेवून तिनं त्यांच्या जखमा सुकू दिल्या, मग लावले. अर्धं रान रिकामं होतं, ते भरलं. हसणारेच आता लावायला तुकडे मागतात. रविवारी लेक येतो आन् त्याच कोयत्यानं, पोर बोट ठेवील तिथंच, कापून देतो. माझ्याकडं बघत नाय.

चिठ्ठी कुठं टाकायची, नात विचारती. मेलेल्याचा पत्ता कुणाला ठाव, राहू दे डब्यात. एक कबूल करते बा, एवढी मारामारी केली, पण हे फळ मला फिकं लागतं. तुझ्या बांधावरलं बोंड लई गोड होतं. तिकडून काही धाडणार असलास तर मायच्या हातची ज्वारीची भाकर आन् लाल मिरचीचा ठेचा धाड. फळ नको. आन् नाव नीट सांगून धाड, नायतर म्हशीपुढं जाईल.