एक तसू म्हणजे किती

सोम. ३ नोव्हें.
शिंदेसाहेबांनी कारखान्याच्या तपासणी खोलीसाठी तक्ता लिहायला दिला. लांबीची मापं, नॅनोमीटरपासून प्रकाशवर्षापर्यंत. "तुझं अक्षर चांगलं आहे, चुकाही करत नाहीस. पुढच्या सोमवारी भिंतीवर लागला पाहिजे." आयटीआय अर्धं सोडलेल्याला हे काम! आनंद झाला. मग भीती. एक शून्य चुकलं तरी रोज सगळ्यांसमोर टांगलेलं राहणार.

मंगळ. ४
१ कि.मी. = १,००,००,००,००० मायक्रॉन. शून्यं नऊ. चौथ्यांदा मोजली तर आठ भरली. पेन्सिलीचं टोक एकेका शून्यात टेकवत गेलो तेव्हा पुन्हा नऊ.
शेजारच्या लेथवरचे रफिकभाई ओरडले, "ए मायक्रॉन, जेव आधी! शून्यं कुठं पळून जात न्हाईत." इथे माझं नाव मायक्रॉनच पडलंय. खरं नाव फक्त आई घेते, फोनवर.

बुध. ५
प्रकाशवर्ष. र.भा. म्हणाले, "वर्ष म्हंजे टाइम झाला ना? पट्टीवर कसा मोजनार?" मलाही आधी तसंच वाटलेलं. प्रकाश वर्षभरात जेवढा लांब जातो, तेवढं अंतर. साधारण साडेनऊ लाख कोटी कि.मी. र.भा.नी लेथ बंद केला. मग, "चहा घेतो का?"
मला घर सोडून एक वर्ष अकरा दिवस झाले. इथून, नगरहून, आमचं बेलापूर धरू ६५ कि.मी. म्हणजे ६५,००,००,००,००० मायक्रॉन. असं लिहिलं की का जाणं झालं नाही ते पटतं. कि.मी.मध्ये पटत नाही.

गुरु. ६
तक्ता पुरा. खाली एक ओळ जास्त आखली गेली. रिकामी बरी दिसेना. पेन्सिलने लिहिलं: तसू.
सुतारांचं जुनं माप. घरी अण्णा अजून त्यातच मोजतात. आजोबांचा लाकडी गज, त्यावर चोवीस खुणा; एक खूण म्हणजे एक तसू. आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गेल्या वर्षी गिऱ्हाइकाच्या घरून अण्णांचा फोन आला. चौकटीच्या उभ्या बाजूंना "पाच तसू जास्त ठेव". इकडे करवत चालू. मी कागदावर लिहिलं, पाच सूत. अक्षरं तीच, उलटी फक्त. शुद्धलेखनात एकही चूक नाही. सागवानाच्या दोन्ही बाजू आखूड.
अण्णा गिऱ्हाइकासमोर एवढंच म्हणाले, "ह्याला सूत आन् तसू कळंना." मी म्हणालो, "तुमचं तसू आता वापरतं कोण?" सगळे हसले. अण्णा खाली बघून गज पुसत राहिले. त्याच आठवड्यात मी घर सोडलं.
चूक लाकडाची होती. ते वाक्य मात्र

शुक्र. ७
साहेबांनी ओळ पाहिली. "हे काय?" सांगितलं. "किती मि.मी.?" माहीत नाही म्हणालो. "मग आकडा लिही, नाहीतर खोड." मोबाईलवर तीन ठिकाणी तीन उत्तरं. र.भा. म्हणाले, "प्रत्येक सुताराचा गज न्यारा. तुझ्या बापाचा गज मोज की. आन् ध्यानात ठेव, लाकूड पावसाळ्यात फुगतं. तिथं तुझा मायक्रॉन काय करील?"
खोडरबर हातात घेतलं. ठेवून दिलं.

शनि. ८
जेवणाच्या सुट्टीत फोन. आईला म्हणालो, अण्णांना विचार, आपला तसू किती.
"आरं, काय इचारतोस हे? त्यांना? वर्षानं?"
"विचार ना."
मागे रंध्याचा आवाज. थांबला. आईने विचारलेलं ऐकू आलं. मग लांबून अण्णा, "त्येला म्हनावं, मी फोनवर माप सांगत न्हाई आता."
रंधा पुन्हा सुरू. आई म्हणाली, "ऐकलंस का? त्यांचं तसंच हाय." आणि मग हळूच, "गज खुंटीलाच हाय बरं का."
दुपारभर अण्णांचं तेच वाक्य. नकार आहे की ये म्हणताहेत? 'आता' या शब्दावर जोर होता का? नीट ऐकलं नाही. पुन्हा नीट ऐकलं नाही.

रवि. ९
सुट्टी. र.भा.नी स्वतःचा व्हर्नियर कॅलिपर दिला. "पाडू नको. आन् मोजायच्या आधी पाया पड. गजाच्या न्हाई रे, बापाच्या!"
सकाळी नऊ. स्टँडवर आहे. व्हर्नियर रुमालात गुंडाळलाय. जबडे मिटवून शून्य तपासलं, बरोबर. पुन्हा तपासलं, बरोबर. काय बोलायचं ते वहीत लिहून पाहिलं, तीन वेळा खोडलं. बेलापूरची गाडी लागली आहे. लोक चढताहेत.
तक्त्यातली ओळ इथे उतरवून ठेवतो, म्हणजे तिथे नुसता आकडा भरायचा.
१ तसू =