पहिला बार

टोलेडो, ४ सप्टेंबर १९६१

ती. ऑरिनदादा यांस,
डेलचा सा. न. वि. वि.

ऑगस्टात तुझ्याकडे येऊन गेलो, पण तू धड चार वाक्यं बोलला नाहीस, म्हणून कागदावर सांगतो. सरकारी कोठारातून लष्कराने भंगारात काढलेल्या रायफली घेतल्या आहेत. एकशे चाळीस, अख्खा लॉट, लोखंडाच्या भावात वजनावर. पुन्हा चालू नयेत म्हणून प्रत्येक रायफल मधोमध गॅसने कापली आहे. पण नळ्या आतून आरशासारख्या आहेत आणि दस्ते अस्सल अक्रोडाचे. दोन तुकडे जोडले, घासले, की हरणाच्या हंगामाला दुकानातल्या निम्म्या किमतीत हातोहात जातील.

जोड मी मारतो. जोड तापवून त्याला पाणी देण्याचं काम तुझं, कारण ते बाबांनी तुलाच शिकवलं. बाबा आपल्या बंदुकांवर मारायचे तो ओकच्या पानाचा शिक्का वर पडला की तुमच्या डोंगरात कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही. निम्मा वाटा तुझा. मेबल तुझी आठवण काढते. तू माणसांशी हसून बोलतोस असा तिचा अजून समज आहे.

आहे तो लोभ राहू द्यावा.
तुझा,
डेल


केटल फोर्क, पेनसिल्व्हेनिया, ९ सप्टेंबर

चि. डेल यास,
अनेक आशीर्वाद. ते सवयीने लिहिले आहेत, त्यावर जाऊ नकोस.

तू भंगार घेतलंस आणि त्याला रायफली म्हणतोस. लष्कराने ज्या जागी कापलं, तिथेच गोळीचा सगळा दणका बसतो. तेवढी अक्कल कापणाऱ्याला होती. एकदा गॅसने भाजलेल्या पोलादाला मी काय, बाबा असते तरी पाणी देऊ शकले नसते. दस्ते काढून विक, नळ्या काढून विक, मधला सांगाडा पुन्हा भट्टीत जाऊ दे. तसं केलंस तर सौदा जेमतेम परवडेल. जोडून विकलंस तर मुळीच परवडणार नाही, आणि मी पैशांबद्दल बोलत नाही.

शिक्क्याचं नाव पुन्हा काढू नकोस. बाबा प्रत्येक रायफलीचा पहिला बार स्वतः काढायचे, दस्ता गालाला लावून. तो आवाज ऐकू येईपर्यंत आई स्वयंपाकघरात हातातलं भांडंही खाली ठेवत नसे. बार झाला की मग शिक्का. तुझ्या एकशे चाळीस बारांना मेबल भांडं धरून उभी राहणार आहे का, तिला विचार.

राग निवळल्यावर लोभाचं बघू.
ऑरिन


टोलेडो, २० ऑक्टोबर

ती. दादास,
नमस्कार. पुढची अक्षरं तुझ्यासाठी खर्च करत नाही.

पस्तीस वर्षं तू बाबांच्या त्या बंदुकांच्या दुकानात बसलास, आणि आता लोक तुझ्याकडे कात्र्यांना धार लावायला येतात. मी काहीही करायला घेतलं की तुझ्या कपाळाला आठी. ट्रक घेतला तेव्हा तेच, मेबलशी लग्न केलं तेव्हाही तेच. तुझ्यावाचून अडलं नाही. माझ्या ओळखीच्या एका लोहाराने जोडांना पाणी दिलं. प्रत्येक रायफल ट्रकच्या टायरला बांधून, दोरीने चाप ओढून तीन-तीन बार काढले. एकही फुटली नाही.

एकतीस विकल्या. शिवाय एक क्लीटला वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. आपल्या बहिणीचा, व्हर्नाचा नवरा असूनही तू त्याला वीस वर्षांत साधा चाकू दिला नाहीस. त्याचं आभाराचं पत्र आलंय, दोन पानी. तुझं असं पत्र मला जन्मात आलेलं नाही.

डेल


केटल फोर्क, १० नोव्हेंबर

डेल,

क्लीट काल दुकानात आला, तुझी रायफल खांद्याला अडकवून. सांगाड्यावर ओकचं पान होतं. मी खण उघडला तर शिक्का नव्हता. ऑगस्टात आलास तेव्हा मी तुझ्यासाठी कॉफी करायला आत गेलो होतो. तेवढ्यात तू हात मारलास. तुला चोर म्हणताना मला काहीच वाटत नाही, आणि याचंच जास्त वाईट वाटतं.

टायरला बांधून बार काढलेस म्हणजे गाल लावायची छाती तुझीही नव्हती. तुझा गाल नको, पण क्लीटचा चालतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, की डेलने दिलं आणि आपण दिलं नाही म्हणून ऑरिनच्या पोटात दुखतंय. चूक माझीच आहे. त्याच्या लग्नात मी चारचौघांत म्हटलं होतं, की या माणसाला बंदुकीचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते कळत नाही. तेव्हापासून माझा शब्द त्याच्यापाशी चालत नाही. तुझा चालतो.

हंगाम सत्तावीस तारखेच्या सोमवारी सुरू होतो. त्याच्या आत त्याला लिही, की ही बंदूक जोडलेली आहे, झाडू नकोस. दोन ओळी पुरतील. लिहिल्या नाहीस आणि काही झालं, तर व्हर्नाच्या दारात उभं राहायला मी तुझ्यासोबत येणार नाही.

ऑरिन


टोलेडो, १७ नोव्हेंबर

ऑरिन,

लिहिणार नाही. क्लीटला लिहिलं म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना लिहिलं. त्यापेक्षा मी स्वतः शिकारीच्या कॅम्पवर येतो. क्लीटला माझी रायफल देईन आणि त्याची मी घेईन. हरणावर पहिला बार मीच टाकेन, तुझ्या डोळ्यांदेखत, गाल लावून. मग सगळ्यांसमोर माझी माफी माग.

डेल


केटल फोर्क, ३० नोव्हेंबर

चि. डेल,

मंगळवारी कॉफी उकळण्याआधीच निघून गेलास, म्हणून जे तोंडावर सांगायचं होतं ते लिहितो.

सोमवारी हेमलॉकच्या कड्याखाली मी तुझ्यापासून चाळीस पावलांवर बसलो होतो, तुला माहीत आहे. तो दहा फाट्यांच्या शिंगांचा नर झुडपांतून आला आणि तुझ्यासमोर आडवा उभा राहिला. असा नर बाबांच्या वाट्यालाही आला नव्हता. तू रायफल उचललीस, दस्ता गालाशी नेलास आणि मान मागे घेतलीस. पुन्हा नेलास, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा तर तू डोळे मिटलेस. मग नर शेपूट वर करून गेला.

तू तोंडघशी पडावास म्हणून मी अडीच महिने टपून होतो. पण त्या घटकेला मी मनात एकच म्हणत होतो, की चाप ओढू नकोस रे. ओरडणारच होतो. हे तुला कळावं असं वाटत नव्हतं, पण आता लिहून गेलो.

संध्याकाळी, नेम घालवणाऱ्याचं कापतात त्या रीतीप्रमाणे, तुझ्या शर्टाचं मागचं शेपूट कापलं. कात्री क्लीटनेच चालवली आणि सगळे पोट धरून हसले. हात गारठले होते असं तू सांगितलंस. सगळ्यांना पटलं, म्हणून क्लीटला त्याची रायफल परत हवी आहे. खटका घासायचा आहे अशी थाप मारून मी ती दुकानात ठेवली आहे. तो शनिवारी सकाळी न्यायला येईल. हंगाम अजून नऊ तारखेपर्यंत आहे.

तुझं शेपूट कॅम्पच्या भिंतीवर बाबांच्या शर्टाच्या तुकड्याशेजारी ठोकलंय. ज्याने नेम घालवला त्याने खाली स्वतःच्या हाताने पेन्सिलीने कारण लिहायचं, हे तुला ठाऊक आहे. बाबांच्या खाली ‘शिंक आली’ असं आहे. तुझ्या खाली कोरं आहे. काय लिहायचं ते तूही जाणतोस आणि मीही.

ऑरिन


टोलेडो, ५ डिसेंबर

ती. ऑरिनदादास,
सा. न. वि. वि.

क्लीटला शुक्रवारी तार केली आणि मागाहून पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं. एका ओळीचं आहे, वाचून दाखवण्यासारखं नाही. व्हर्नाने खाली लिहिलंय, की नाताळला येऊ नकोस.

सोबतच्या पुडक्यात शिक्का आहे. उरलेला लॉट भंगारवाल्याने वजनावर नेला, माझ्यासमोर पुन्हा कापून. सौदा परवडतो का असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखव.

एकतीस गिऱ्हाइकांपैकी एकोणतीस जणांना पत्रं गेली. मेबलने पाकिटं लिहिली, माझ्याशी न बोलता. राहिलेल्या दोघांची नावं मी विचारलीच नव्हती. रस्त्याकडेच्या बाजारात ट्रकमधूनच विकल्या होत्या. एकाची टोपी लाल होती आणि पुढचे दोन दात नव्हते. दुसरा डावरा होता, त्याची बायको गाडीतच बसून विणत होती. ओकचं पान बघून तो म्हणाला होता, की हा शिक्का असला की बघायला नको.

त्या बाजारात मी रोज ‘ओकच्या पानाची रायफल झाडू नका’ असा फळा घेऊन उभा राहतो. लोक वाचतात आणि लांबून जातात. सकाळी आधी पेपरातली अपघातांची पानं बघतो, मग कॉफी घेतो.

भिंतीवरची जागा कोरीच राहू दे, माझ्या वतीने कुणाला लिहू देऊ नकोस. ते दोघे सापडले की पेन्सिल घेऊन येईन.

लोभ मागायला तोंड नाही. कड्याखाली चाळीस पावलांवर बसला होतास तसा बसून राहा, एवढंच.
डेल