चक्कीचं बटण

माय, आज तुला सांगायला एक लई भारी गोष्ट आहे, आणि ती ऐकून सगळ्यात जास्त तूच हसली असतीस. मी आता केजला राहते, घरी बसूनच नोकरी करते. इंटरनेटवरून फोन लावायचं एक ॲप आहे, त्याचा सर्व्हर माझ्या ताब्यात. दोन माणसं बोलतात ना, तेव्हा ह्याचा आवाज थेट त्याच्याकडं जात नाही. मधे आमचा सर्व्हर बसलेला असतो, तो इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं पोचवतो. नांदूरघाटला चक्कीच्या दारात उभी राहून तू करायचीस तेच काम. आख्ख्या गल्लीत फोन एक, तोही आपल्या चक्कीत. साखर कारखान्यावरून, तोडीला गेलेल्या कुणाचा फोन आला की तू चक्की थांबवायचीस, रिसीव्हर पिठाच्या डब्यावर आडवा ठेवायचीस आणि हाक मारायचीस, "आगं ये, तुझ्या मालकाचा फोन हाय!" ती हाक शेजारीण पुढं द्यायची, तिच्यापुढची आणखी पुढं. तोवर तिकडचा माणूस नुसता आपल्या गल्लीचा गलका ऐकत उभा. बाई पदराला हात पुसत येईपर्यंत तू कधी फोन ठेवला नाहीस. कुणी म्हणालंच, "कशाला थांबायलीस, कट झाला असंल," तर तू डाफरायचीस, "गप बसलाय म्हून मेला का तो?"

यंदा ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या आणि आमचा सर्व्हर रोज संध्याकाळी मान टाकायला लागला. संपलेले कॉल त्याच्या मेमरीतून निघतच नव्हते. उसाच्या फडात कुणाची बॅटरी गेली, कुणाची रेंज गेली, की तो कॉल तसाच अडकून राहायचा. असे कॉल साचत साचत मेमरी भरायची, मग नव्या माणसाचा फोन लागायचाच नाही. पुण्याचे आमचे साहेब म्हणाले, "सोपं आहे हो. अर्धा मिनिट कुणी बोललं नाही की कॉल तोडून टाका." मी म्हटलं, थोडं थांबा. थांबतात कशाला! नियम लागला आणि दुसऱ्याच दिवशी मावशीचा फोन. तुझी धाकटी बहीण, अजून तशीच तोंडाळ. तिचा लेक आणि सून तोडीला गेलेत, नातू तिच्यापाशी असतो. रोज सांजच्याला सून तिकडच्या पाचटाच्या कोपीतून फोन लावते आणि तो चालूच ठेवून भाकरी करते. मधूनच विचारते, "हायेस का रं?" इकडं पोरगं फोन उशाला घेऊन पडलेलं असतं, "हाय" म्हणत म्हणतच झोपी जातं. मावशी माझ्यावर जी उखडली! "तुझ्या कंपनीला काय धाड भरली का गं? बोलायच्या आत कट! लेकरू रडून रडून झोपलं माजं. तू काय करतीस तितं बसून?" मी चटकन साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "गळती नेमकी कुठं आहे ते शोधून बंद करा, मग नियम काढू. नाहीतर तो राहील."

मग मी सकाळपासून मांडी ठोकून बसले आणि अडकलेले कॉल एकेक उलगडायला लागले. प्रत्येक कॉलला दोन टोकं असतात. प्रोग्रॅम असा लिहिलेला, की कॉल मधेच तुटला तर ते टोक सुटल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि हे सुटल्याशिवाय ते नाही. आधी तू जा, नाही, आधी तू! मी बघतच राहिले, आणि मग इतक्या जोरात हसले की खालच्या घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या, "बरं हाय ना बाई?" कारण माय, हे मी लहानपणी ऐकलेलं. मावशी तेव्हा तोडीला, तिचा फोन येतो, तुमचं बोलून होतं, आणि मग सुरू. "ठिव आता." "तू ठिव." "न्हाई, तू ठिव आदी." दळणाच्या रांगेतल्या बाया कावलेल्या. मी तुला विचारते, अगं ठेवून टाक ना! तर तू म्हणतेस, "मी आदी ठिवला तर तिला वाटंल, माजं मन भरलं." आणि शेवटी तू हळूच हात लांबवून चक्कीचं बटण दाबतेस. धडधड सुरू झाली की दोघींनाही काही ऐकू येत नाही. फोन आधी कुणी ठेवला हे तिला कळत नाही, तुलाही नाही. कुणाचं मन मोडत नाही आणि रांग पुढं सरकते.

तर माय, मी सर्व्हरला चक्की बसवून दिली! आता तोच अधूनमधून दोन्ही फोनांना विचारतो, "हायेस का रं?" माणूस गप्प असलं तरी फोन आपला आपण उत्तर देतो. उत्तर आलं की कॉलला हात लावायचा नाही, कुणी कितीही वेळ गप्प बसो. विचारून विचारूनही आलं नाही, तर दोन्ही टोकं एकदम सोडून द्यायची, आधी कुणी नाही की नंतर कुणी नाही. त्या संध्याकाळी स्क्रीनवरची मेमरीची रेघ वर चढली आणि लोकांची बोलणी आटपली तशी शहाण्यासारखी खाली आली. साहेबांनी त्यांचा नियम काढला. थोड्या वेळानं शेजारणीच्या फोनवरून मावशीचा फोन आला, हळू आवाजात म्हणाली, "झोपलं बग. आमचा फोन उशाला तसाच चालू हाय, तिकडं सून भाकऱ्या करायलीय." मला इतका आनंद झाला की मी माझ्या एकटीसाठीच शिरा केला आणि कढईतूनच खाल्ला.

तू गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ताच उरला नाही, मला ठाऊक आहे. चक्की आपण कधीच विकली, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. खरं सांगू? सांगायचं होतं ते मघाशीच संपलं, हे मी उगीच लांबवतेय. इकडं बटण दाबायला कुणी नाही, आणि माझं मन काही भरलेलं नाही. तू ठिव आदी.