बुवापाडा ते खरवई

खरवई, बदलापूर (पूर्व)
१६ मे २००६

प्रिय चिमी,

सप्रेम जय भीम. तू बरी असशील आणि तिकडच्या गारठ्यात तुझं नाक अजून गळत असेल असं धरून चालते. इकडे उन्हाने डोकं फुटायची वेळ आलीये. शाळेला सुट्टी लागली तशी मी उल्हासनगरचं घर नवऱ्याच्या गळ्यात टाकून इथे महेंद्रदादाकडे मुक्कामाला आले. तेवढीच अंजनीला सोबत. चार लोकांत मी तिला वहिनी म्हणते, दोघीच असलो की अंजे. ती आधी आपली मैत्रीण आणि मग माझ्या भावाची बायको, हे दादाला लग्नाच्या सोळा वर्षांनंतरही पटलेलं नाही.

तू फोनवर त्या चॅरिटी वॉकचं सांगितलंस ते मला आधी अर्धंच कळलं होतं. फोन हॉलमध्ये, टीव्ही चालू, दादा समोर आणि तू तिकडून ओरडतेयस. मग मी आपल्या बुवापाड्याच्या वस्तीत, महिला मंडळात जाऊन बायकांना मास्तरणीसारखं समजावलं. म्हटलं, आपली चिमी परदेशात जिथे नर्स आहे तिथे बायका मिळून चालतात, त्यांच्या ओळखीचे लोक त्यासाठी पैसे देतात, आणि ते पैसे या आजारावर औषध शोधणाऱ्यांना जातात. यंदा अठ्ठावीस तारखेला चिमी आपल्या अंजीसाठी चालणार आहे. आपण पैसे पाठवायचे नाहीत, फक्त त्याच दिवशी इथे तिच्या सोबतीने चालायचं.

मंडळातल्या गयाबाई म्हणाल्या, "चालल्याचे पैसे मिळत्यात व्हय? मंग आमाला आधी का नाय सांगितलं, आमी जल्मभर चालतोय." सगळ्या हसल्या आणि सगळ्या तयारही झाल्या. अडलं एकाच गोष्टीवर. नुसतं चालून परत यायचं, हे कुणाच्या पचनी पडेना. तू म्हणालीस बागेला फेऱ्या मारा, पण बागेला फेऱ्या मारायला आम्ही काय डायबिटीसवाल्या आहोत? चालायचं तर कुठेतरी पोचायला हवं. शेवटी ठरलं, सकाळी विहारातून निघायचं आणि खरवईला अंजीच्या दारात जाऊन थांबायचं. तिला आधी सांगायचं नाही. अचानक गेलो की खूश होईल.

दादाचं एक म्हणणं आहे. तू चालताना पाठीवर तिचं नाव लावणार आहेस ना, ते लावू नको. फोटो निघतात, कुणाच्या कुणाकडे जातात. इथे बिल्डिंगमध्ये आम्ही अल्सर सांगितलंय. बुवापाड्याच्या बायकांना खरं माहीत आहे, पण त्याही 'तो आजार' एवढंच म्हणतात. मनाली चौदाची झाली. आईला असं होतं म्हटलं की उद्या तिला बघायला येणारे लोक काय काय विचारतील, असं दादा म्हणतो. मी वाद घातला नाही.

अंजीची तब्येत बरी आहे. दोन घास जेवते. आता मुंबईला इंजेक्शनला जावं लागत नाही, ती बंद झाली, तेवढी दगदग वाचली. तू डिसेंबरच्या सुट्टीत येणार म्हणालीस ते छान आहे, सावकाश ये, उगाच धावपळ करू नको.

दादा शेजारीच बसलाय, जय भीम सांगतो.

तुझी,
यशोधरा


खरवई
३० मे २००६

चिमी,

जय भीम. आज खुशाली विचारत नाही. मागचं पत्र फाडून टाक. ते दादाने वाचून मग पाकिटात घातलं होतं, आणि तब्येतीच्या ओळी त्याच्यासमोर बसून लिहिल्या होत्या.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी मला आणि दादाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आजार लिव्हरमध्ये आणि हाडांत गेलाय, आता इंजेक्शनांनी नुसते हाल होतील, घरी न्या. अंजी बाहेर व्हीलचेअरवर होती. दादाने तिला सांगितलं, कोर्स संपला. ती म्हणाली, बरं झालं, आता केस येतील. टॅक्सीत बसल्यावर त्याने माझा हात दाबला, म्हणजे गप्प राहा. आणि मी गप्प राहिले. तू नर्स आहेस, इंजेक्शनं बंद झाली एवढं वाचून तुला कळेल अशी मला आशा होती. दादासमोर तेवढंच लिहिता आलं.

आता रविवारचं ऐक.

तू गुलाबी कपडे म्हणाली होतीस. वीसेक बायकांत गुलाबी साडी दोघींकडे निघाली, त्यातली एक लग्नातली शालू. मग गयाबाईंनीच सांगितलं, पांढरी नेसा. बुद्धपौर्णिमेला नेसलेल्या पांढऱ्या साड्या धुऊन, इस्त्री करून सगळ्यांच्या कपाटात तयारच होत्या. आपल्यात विहारात जायचं तरी पांढरी, मंगल असलं तरी पांढरी आणि मयतीला गेलं तरी पांढरीच. त्यामुळे कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही. माझ्याही नाही. एवढी शिकलेली मी, पण डोकं चाललं नाही.

वंदना घेतली आणि निघालो. बुवापाड्यातून बाहेर पडेपर्यंत गप्पा, हसणं, कुणाची चप्पल तुटली, कुणाला चहा हवा. रेल्वे ओलांडून पूर्वेला आलो, हायवेला लागलो आणि उन्हाने सगळ्यांची तोंडं बंद झाली. गाड्या अंगावरून जात होत्या म्हणून दोघी-दोघींची रांग केली, ऊन लागतं म्हणून डोक्यावर पदर घेतला. एका हार्डवेअरवाल्याने आम्हाला बघून शटर अर्धं खाली ओढलं. पुढे रिक्षावाले कडेला थांबले. एका म्हातारीने चपला काढून हात जोडले. मला वाटलं, आपल्या कामाचा मान ठेवतायत. खरंच असं वाटलं मला, चिमी.

मग एका दुकानातून एका सिंधी शेठने विचारलं, "कौन चला गया, बहन?"

गयाबाई म्हणाल्या, "कोई नहीं. हम लोग ऐसेच चलता है."

तो बिचारा मागे रस्त्याकडे बघत म्हणाला, "बॉडी पीछे आ रही है क्या?"

बायका एकमेकींच्या साड्यांकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, परत फिरू. पण निम्म्याहून जास्त रस्ता मागे पडला होता, दोघींना चक्कर येत होती आणि पाणी मिळायचं तर अंजीच्याच घरी. मी सांगितलं, पदर खांद्यावर घ्या, बोलत चला, जरा हसा तरी. हसायला सांगितल्यावर माणूस जसं हसतं तशा त्या हसल्या. थोड्या वेळाने पदर पुन्हा डोक्यावर गेले.

बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. गॅलऱ्यांत माणसं आली. समोरच्या वृंदा वहिनी हातातलं काम टाकून धावत खाली आल्या आणि माझे हात धरून म्हणाल्या, "कधी झालं हो?" मी वर बघितलं. अंजी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसली होती. दादा तिला सकाळी तिथे बसवतो. आम्ही वळणावरून येताना तिने आम्हाला पहिल्यापासून बघितलं होतं.

मनालीने दार उघडलं आणि आम्हाला बघून ती उलट्या पावली आईकडे गॅलरीत धावली. आतून अंजीचा आवाज आला, "या या. लवकर आलात. मी अजून आहे."

कुणालाही हसू आलं नाही. गयाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि रडायला लागल्या, "अगं बाय, आमी तुला खूश करायला आलो गं." दादा आतून आला आणि माझ्यावर असा खेकसला की जिन्यातले लोक वर आले. अक्कल कुठे गहाण टाकलीस, म्हणाला. मग दारातल्या शेजाऱ्यांकडे वळून सांगायला लागला, "काही नाही, अल्सर आहे, बरी होतेय ती, तुम्ही जा." एवढा मोठा फॅक्टरीतला सुपरवायझर, पण एकेकापुढे हात जोडत होता.

"अहो, बसा जरा," अंजी म्हणाली. ती खुर्चीतून उठली, गॅलरीच्या दाराला धरून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मला अल्सर नाही. मला स्तनाचा कॅन्सर आहे."

तो शब्द तिने उच्चारला तशी आमच्यातल्या निम्म्या बायकांनी मान खाली घातली. दारातले पुरुष हळूच मागे सरकले. ती थांबली नाही. म्हणाली, "हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती. दाखवायची कुणाला म्हणून मी वर्षभर सैल ब्लाऊज शिवून घेत राहिले. तुम्ही दुखायची वाट बघू नका. न दुखणारीच दाखवा." मग तिला धाप लागली आणि मी तिला धरून पलंगावर नेलं.

बायका पाणी प्यायल्या, चहा प्यायल्या. निघताना दोघी म्हणाल्या, आम्हाला जरा अंजीवहिनीशी बोलायचंय, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. त्यातल्या एकीला मी उद्या डॉक्टरकडे नेतेय. तिचं नाव लिहीत नाही, तिने शपथ घातलीय. बाकीच्या दोन टेम्पोंतून परत गेल्या. परत चालायची कुणात ताकद उरली नव्हती.

सगळ्या गेल्यावर दादा स्वयंपाकघरात आमचे चहाचे कप धुवत उभा राहिला. धुतलेले कप पुन्हा धुवत होता. मी अंजीला विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, "इंजेक्शनं बंद झाली तेव्हाच. खरंच बरी झाले असते तर तुझ्या भावाने बिल्डिंगभर पेढे वाटले असते." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "तो इतका जीव तोडून खोटं बोलत होता, कसं मोडायचं?" म्हणजे महिनाभर तो तिच्यासाठी नाटक करत होता आणि ती त्याच्यासाठी, आणि मी दोघांच्या मधे बसून भाजी निवडत होते. मला इतका राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

संध्याकाळी दादा तिच्या पायाशी येऊन बसला. मी मनालीला घेऊन खाली गेले. परत आलो तेव्हा दोघांचेही डोळे सुजलेले होते आणि तो तिला भात भरवत होता. तेव्हापासून या घरात कुणी खोटं बोलत नाही. घर फार शांत झालंय आणि ती शांतता मला सहन होत नाही.

रात्री तुझा फोन आला, आम्ही पूर्ण चाललो म्हणून. दादा 'छान, छान' म्हणाला आणि त्याने ठेवून दिला, रागावू नको. त्याच्याने बोलवत नव्हतं. मी अंजीला सांगितलं तर तिला बरं वाटलं. म्हणाली, "चालली ते चांगलं केलं. ते औषध सापडलं तर मनालीच्या कामाला येईल. चिमीला म्हणावं, पुढच्या वर्षी पण चाल, माझं नाव लाव, पूर्ण लाव." मी मान डोलावली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला आता औषध नको. मला ती हवीय."

मला तुझा रागही येतो, चिमी, लपवत नाही. इतकी लांब गेलीस, तिथे लोकांच्या आया-बहिणींचं सगळं करतेस, अंजीसाठी गुलाबी कपडे घालून चालतेस, आणि अंजी इथे आहे. पण तुला सावकाश ये म्हणून लिहिणारीही मीच, तेव्हा तुला काय बोलू? डिसेंबर विसर. डॉक्टर पावसाळा निघेल म्हणाले होते, पण मी रोज तिला अंघोळ घालते. माझ्या हाताला जे कळतं त्यावरून ती जून काढेल असं मला वाटत नाही.

काल बूथवर जाऊन तुला फोन लावला होता. तू हॅलो म्हणालीस आणि मी ठेवून दिला. तो ब्लँक कॉल माझा. आज परत लावीन आणि फक्त तिकीट काढ म्हणेन, जास्त बोलले तर रडेन. बाकी सगळं या पत्रात आहे, ते मागाहून पोचेल. सायबर कॅफेतून मेल केला असता, पण तिथे मराठी येत नाही आणि हे इंग्लिशमध्ये लिहायचं माझ्यात बळ नाही.

दुपार आहे. दादा ड्युटीवर, मनाली खाली दूध आणायला गेलीय. अंजी जागी आहे, उशीला टेकून माझ्या लिहिण्याकडे बघतेय. आता तिला विचारलं, चिमीला तुझ्याकडून काय लिहू? मला वाटलं, काहीतरी चावट बोलेल. तू तिला ओळखतेस, रविवारी एवढ्या सगळ्यातही तिने जोक मारला. तिने डोळे मिटले. झोपली असं वाटून मी पुढे लिहायला घेतलं, तर म्हणाली, "लिही, अंजीला खूप भीती वाटते."

हे तिने दादालाही सांगितलेलं नाही. तुलाच सांगितलंय.

ये.

यशू