गाळ्यातला रिकामा डबा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग कुणाबद्दल बोलायचं? नव्वद साल उजाडायच्या सुमारास बाबा गेले, आणि तू चौथीतून माझं नाव काढून मला नवघरच्या मिठागरांकडच्या यंत्रमागाच्या गाळ्यात तुझ्याबरोबर न्यायला लागलीस. रविवारी विहारात शिक्षणावरचं भाषण ऐकताना सगळ्यात जास्त मान तूच डोलवायचीस, आणि सोमवारी सकाळी मला ओढत कामावर. मला ते ढोंग वाटायचं, आजही वाटतं. दादा मात्र शाळेत. त्याला बूट, त्याला दप्तर, आणि मी कांड्या भरतेय.

मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा, त्यात बसते ती सुताची कांडी. ती संपली की माग थांबतो, माग थांबला की सेठ ओरडतो, म्हणून आम्ही पोरी दिवसभर उभ्याने कांड्या भरायचो. पंखा लावायचा नाही, सूत उडतं. कापूस नाकात, भुवयांवर, भाकरीत. माग सुरू झाले की शेजारचीचं बोलणंही ऐकू यायचं नाही, ओठ बघून ओळखायचं. फिरत्या सुताने बोट कापायचं, बरं होतंय तोवर तिथेच पुन्हा कापायचं. तू त्यावर चिंधी बांधायचीस आणि बायांना सांगायचीस, "माझ्या लेकीचा हात लई चपळ हाय." ते ऐकून मी खूश व्हायचे. त्या खूश होण्याचासुद्धा आता संताप येतो.

दाराशी खिळ्यांना रिकामे डबे टांगलेले असायचे. सरकारी साहेब तपासणीला आला की मुकादम आम्हा पोरींच्या हातात एकेक डबा द्यायचा. म्हणजे आम्ही कामाला नाही, घरच्यांना जेवण द्यायला आलोय. एकदा तो साहेब थेट माझ्यासमोर येऊन उभा राहतो. माग बंद केलेत, सगळं गप्प आहे. तो डबा उघडून बघतो, आत काही नाही, आणि जेवणाची वेळ अजून लांब आहे. "कितवीत आहेस बाळ?" विचारतो. आवाज मायेचा आहे त्याचा. मी चिंधीचं बोट पुढे करते. सांगायचं मी ठरवलंय, की मी इथे काम करते आणि मला शाळेत जायचंय. तेवढ्यात तू मध्ये घुसतेस. "पाचवीत हाय सायेब. डबा म्या खाल्ला. बोट इळीवर कापलं तिचं." आणि मागून दंडाला असा चिमटा काढतेस की माझं तोंड मिटतं. साहेबाने माझ्या केसांतला कापूस पाहिला, तुझ्याकडे पाहिलं, आणि सेठबरोबर चहा प्यायला गेला. त्याला सगळं कळलं होतं.

"खोटं का बोललीस?" मी घरी विचारलं. "तू बोलली असतीस तर दोघींचं काम गेलं असतं," म्हणालीस. "मग दादाची शाळा कशी व्हायची?" सेठने खूश होऊन तुला फ्रॉकचं कापड दिलं. तू तो फ्रॉक शिवून मला घातलास आणि वस्तीभर मिरवलंस. मी परत शाळेत गेले नाही. पुढचं लिहिणं-वाचणं लग्नानंतर, मुलीच्या पुस्तकांतून. आयुष्यात माझ्या कामाचं एकच वाक्य मला सुचलं होतं, आणि ते तू मला बोलू दिलं नाहीस.

गेल्या महिन्यात मीरा रोडला कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. लहानपणी फार आवाजात राहत होतात का, त्याने विचारलं. मी मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या. बाहेर येऊन रिपोर्टची वाट बघत बसले, तर दारातून काठी टेकत सेठ आत आला. म्हातारा झालाय, पण मी लगेच ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. खुर्च्या भरल्या होत्या. विचारायचं कितीतरी होतं, आणि या वेळी चिमटा काढायला तू नव्हतीस. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. तुझ्यावर मी जन्मभर चिडत आले, आणि त्याला बघताच पदर सावरून उठले आणि म्हटलं, "बसा सेठ."