मार्ताकडे ‘काहीही’ मिळत नाही

नाशिक रोड

प्रिय निकिता,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन असताना आईला हे काय सुचलं, असं तू म्हणशील. पण फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुला ठाऊकच आहे. मी एक विचारते, तू ‘मीटिंग आहे गं’ म्हणतेस, मग जेवलीस का, पोळ्यांच्या बाई येतात का, एवढ्यावर आपण उरकतो. परवाही तसंच झालं. रुद्रच्या घरून होकार आलाय, गुरुवारी नांदगावहून मंडळी सुपारी फोडायला येणार, तुझं काय म्हणणं, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, ‘तुम्ही ठरवा, मला काहीही चालेल.’ तुझ्या बाबांनी ते ऐकलं आणि ते खूश होऊन पेढ्यांची चौकशी करायला बाहेर पडले. मी मशीनवर बसले, पण शिवणीत लक्ष लागेना, दोरा सारखा तुटायला लागला. म्हणून हे पत्र. यात मी तुला मार्ताच्या हॉटेलातल्या मेनूकार्डाची गोष्ट सांगणार आहे. मध्येच कंटाळू नकोस. तुझ्या आईला सरळ रस्त्याने कुठे जाता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मार्ताला तू रविवारी पाहिलंस. उंच, केस डोक्यावर बांधलेले, पायात कोल्हापुरी. ती स्पेनची. नवरा इकडच्या एका वायनरीत नोकरीला आला म्हणून ती आली. आता तो निम्मं वर्ष तिकडे असतो आणि ही गंगापूर धरणाच्या अंगाला, द्राक्षमळ्यांच्या मधोमध, आपलं हॉटेल सांभाळत बसते. शनिवार-रविवार तिथे मुंबईच्या गाड्या लावायला जागा नसते. माझी तिची ओळख झाली एप्रनांमुळे. पहिल्यांदा शिवलेले एप्रन द्यायला गेले तर तिने मला बळेच टेबलाशी बसवलं आणि पुढ्यात कार्ड ठेवलं. सगळं इंग्रजीत, आणि पदार्थांची नावं त्यांच्याकडची. अक्षरं मला लागतात, बारावीपर्यंत इंग्रजी होतंच, पण अक्षरं लागली म्हणून ताटात काय येणार ते थोडंच कळतं. मी कार्ड मिटलं आणि आपण बायका म्हणतो तेच म्हटलं, ‘काहीही चालेल.’ मार्ताचं मराठी अर्धं हिंदीत बुडवलेलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘काहीही मेरे पास नाही मिळत. भात आहे, बटाटा आहे, सूप आहे. तुला काय पाहिजे?’ मी अगदी कानकोंडी झाले. मनातून रागही आला, आलेल्या माणसाला असं कोणी फाडकन विचारतं का. पण स्कूटीवरून घरी येताना जाणवलं की, कार्ड बाजूला ठेवलं तरी, मला काय पाहिजे होतं ते मला सांगताच आलं नव्हतं.

पुढे जाणं-येणं वाढलं तसं एकदा मी तिला विचारलं, इथल्या मातीत हॉटेल काढलंस, भात घोटीचा, टोमॅटो गिरणाऱ्याचे, वाढणारी पोरं पेठ-हरसूलची, मग कार्डावर मराठी का नाही. तर म्हणे मुंबईच्या ज्या माणसाने कार्ड आखून दिलं, त्याने सांगितलं होतं की मराठी घातलं की खानावळ वाटते. हे सांगताना ती लसूण सोलत होती. सोलता सोलता तिने तिच्या वडिलांची गोष्ट काढली. तिचं गाव समुद्रकाठचं. तिकडे जर्मन आणि इंग्रज लोकांनी येऊन हॉटेलं टाकली, आणि कार्डं त्यांच्या-त्यांच्या भाषेत, कारण गिऱ्हाईक तेच. तिचे वडील मासेमार. त्यांचीच मासळी त्या हॉटेलांत जायची. मार्ताच्या वाढदिवसाला ते एकदा सगळ्यांना तिथे घेऊन गेले. कार्ड बराच वेळ हातात धरून बसले, मग म्हणाले, मला भूक नाही, मी नुसती कॉफी घेतो. मार्ता म्हणाली, ‘मी छोटी होती, मला खरं वाटलं.’ थोड्या वेळाने सोललेला लसूण बाजूला सारून म्हणाली, ‘इथे आता ती बाहेरची लोकं म्हणजे मी.’ मला फार वाईट वाटलं. तिच्या वडिलांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या जागी मला आपले आजोबाच दिसत होते.

मग आम्ही दोघी मराठी कार्डाच्या मागे लागलो. तुला तेव्हा मी फोनवर सांगितलं होतं, तू ‘अरे वा’ म्हणाली होतीस. ती एकेक पदार्थ करायची, मी खायचे आणि तो काय आहे ते लिहायचे. नाव तिचं तसंच ठेवायचं आणि खाली साध्या मराठीत ताटात काय येणार ते सांगायचं, असं ठरलं. मोठ्या परातीत न ढवळता शिजवलेला केशरी भात. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, भाकरीएवढं, तुकडा कापून देतात. कच्च्या टोमॅटोचं थंडगार सार, फोडणी नाही. ‘फोडणी नाही’ हे तिला लिहायचं नव्हतं, म्हणे नसलेल्या गोष्टी कशाला लिहायच्या. मी म्हटलं बाई, आमच्याकडचा माणूस पहिला घास घेऊन हेच म्हणणार, त्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. तिखट किती, अंडं आहे का, उपासाला चालेल का, तेही घातलं. तिच्या कुठल्याच पदार्थाला उपासाला चालेल असं लिहिता येईना, तेव्हा ती जरा खट्टू झाली.

कार्ड तर झालं, पण ते द्यायचं कोणाला. सोमनाथ म्हणून जो कॅप्टन आहे ना, ज्याने रविवारी आपली ऑर्डर घेतली, त्याची पंचाईत व्हायला लागली. माणसाच्या कपड्यांवरून त्याची भाषा ओळखायची कशी. गॉगल लावलेल्या एका बाईंना त्याने मराठी कार्ड दिलं तर त्यांनी ते परत त्याच्या हातात ठेवलं, ‘आम्हाला इंग्लिश येतं’ म्हणाल्या. धोतरवाल्या एका आजोबांना इंग्रजी दिलं तर ते निवृत्त प्रोफेसर निघाले, पण त्यांना मराठीच पाहिजे होतं. शेवटी सोमनाथनेच तोड काढली. दोन्ही कार्डं टेबलाच्या मधोमध ठेवायची आणि बाजूला व्हायचं, ज्याचा हात जिकडे जाईल तिकडे जाऊ दे. आधी गावाकडच्या घरांत कार्ड सरळ इंग्रजी शाळेतल्या पोराकडे जायचं, आणि सगळं घर त्या पोराला आवडतं ते खायचं. आता बायकांच्या हातात कार्ड यायला लागलं. त्या मन लावून वाचतात, एकमेकींना वाचून दाखवतात, हसतात. आणि सोमनाथ पेन घेऊन उभा राहिला की कार्ड मिटून म्हणतात, ‘मला काहीही चालेल.’

मार्ता चिडली. म्हणाली, आता तर सगळं यांच्या भाषेत आहे. मी तिला समजावलं, अगं, घरच्या बाईने आधी स्वतःचं सांगायचं नसतं, सगळ्यांचं झालं की जे येईल त्यातलं घ्यायचं, अशी सवय असते. तिला ते पटलं नाही. तिने नियम केला. ऑर्डरच्या चिठ्ठीवर खुर्चीगणिक एक ओळ, आणि एकही ओळ कोरी असेल तर चिठ्ठी स्वयंपाकघरात घ्यायची नाही. ‘तिला पण तेच’ असं नवऱ्याने सांगितलेलं चालणार नाही, जिची खुर्ची तिने सांगायचं. मला वाटलं, लोक उठून जातील. एक-दोन टेबलं गेलीही. बाकीच्यांकडे मी एप्रन पोचवायला गेले की बघत बसायचे. बाई आधी लाजते, मग नवऱ्याकडे बघते, मग पुन्हा कार्ड उघडते. आणि एकदा तिने सांगितलं की मग तिला थांबवणं कठीण, जरा तिखट करा, लिंबू द्या, कांदा बारीक चिरा.

आता रविवारचं. तू तिथे होतीसच, पण तू सगळा वेळ ताटाकडे बघत होतीस, म्हणून मला दिसलं ते सांगते. तिथे जेवायचं हे बाबांनीच ठरवलं होतं, नांदगावच्या मंडळींवर जरा छाप पडावी म्हणून. रुद्रच्या आजी, नवसाबाई, ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी चष्मा घरी राहिल्याचं सांगून सोमनाथकडून अख्खं मराठी कार्ड वाचून घेतलं. मग म्हणाल्या, ‘ते थंड सार हाय ना, ते दे मला. भात नको, भात मी रोजच खाते. अन् ते बटाट्याचं, त्यात अंडं नाय पडलं पायजे.’ सार आल्यावर एक घोट घेऊन म्हणाल्या, ‘लय गार हाय,’ आणि वाटी संपवली. तुझ्या होणाऱ्या सासूबाई, लंकाबाई, आधी का-कू करत होत्या. सासूने मागवलं बघून त्यांनीही धीर केला. तुझ्या हाताशी दोन्ही कार्डं होती. तू इंग्रजी उचललंस, त्यात काही गैर नाही, तुला ते सोपं जातं. पानं उलटलीस आणि मिटलंस. रुद्रने मशरूमचा भात सांगितला. सोमनाथ तुझ्याकडे वळला. तू म्हणालीस, ‘काहीही चालेल.’ तो पेन धरून तसाच उभा. तेव्हा बाबा म्हणाले, ‘अरे लिही ना, तिला पण तेच.’ माझा नवरा म्हणून सोमनाथला भीड पडली आणि त्याने लिहिलं. मार्ताच्या हॉटेलात तो नियम मोडला तो आपल्या टेबलावर.

तुला मशरूम लहानपणापासून गिळवत नाहीत. तू एकेक तुकडा लिंबाच्या फोडीआड सारत होतीस. रुद्रनेही ते पाहिलं आणि स्वतःच्या पुढ्यातला पाव तुझ्याकडे सरकवला. मुलगा वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. घरही चांगलं आहे. म्हणजे हे पत्र त्याच्या विरुद्ध नाही. मी आठवत होते माझं. माझ्या वेळी दोन स्थळं होती, एक मनमाडचं आणि एक तुझे बाबा. आमच्या अण्णांनी मला विचारलं होतं बरं का, त्या काळात ते काही कमी नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही ठरवाल ते. त्यांनी चांगलं ठरवलं. तुझ्या बाबांनी मला कधी दुखवलं नाही, हॉटेलात गेलो की आठवणीने ‘तिला पण तेच’ सांगितलं, म्हणजे मी उपाशी राहू नये. माझी काही तक्रार नाही गं. पण मी स्वतः काय मागितलं असतं, हे मला या वयातही माहीत नाही, आणि त्याचं मला हल्ली वाईट वाटतं. तुझं तसं होऊ नये. तू ऑफिसात एवढ्या लोकांची कामं वाटून देतेस, भाडं ठरवतेस, घरमालकाशी भांडतेस. लग्नाचं विचारलं की तेवढी माझ्यासारखी होतेस.

आता खरं काय ते सांगते. काल सकाळी मी लंकाबाईंना फोन केला आणि गुरुवारी येऊ नका म्हणून सांगितलं. त्या दुखावल्या. ‘दुसरं स्थळ आलंय का?’ म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, आमच्या पोरीचं सांगायचं राहिलंय. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. हे स्थळ कदाचित हातचं जाईल, याची मला कल्पना आहे. बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते सरकारी प्रेसमधून रिटायर होतील, त्याआधी तुझं मार्गी लागावं एवढीच त्यांची धडपड, त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. आज चहाच्या वेळी मात्र स्वतःहून म्हणाले, ‘तिला मशरूम आवडत नाहीत, हे मला माहीत नव्हतं.’ आणि हे पत्र टाकायला स्वतः जातो म्हणाले. सोबत मार्ताकडची एक कोरी चिठ्ठी ठेवली आहे, सोमनाथकडून मागून आणली. रुद्र पाहिजे असेल तर तसं लिही, आम्ही पुन्हा फोन करू, वेळ आली तर त्यांच्या पाया पडू. नको असेल तर नको लिही. वेळ हवा असेल तर तेवढं लिही. मनात दुसरं कोणी असेल तर त्याचं नाव लिही, बाबांचं मी बघून घेईन. मराठीत लिही, इंग्रजीत लिही, मी लावून घेईन. पण तुझी ओळ तू भरल्याशिवाय चिठ्ठी मी आत जाऊ देणार नाही.

तुझीच,
आई