एका विषयाचा मास्तर

कार्ल्सरूहे, ४ सप्टेंबर २०२३
माझी डिग्री इथे मान्य व्हावी म्हणून आज अर्ज टाकला. आनएरकेनुंग म्हणतात त्याला. एमएस्सी फिजिक्स, बीएड, सांगलीला ज्युनियर कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं. निव्वळ फॉर्मॅलिटी. दिवाळीपर्यंत शाळेत रुजू. ऊर्मिला (सॉफ्टवेअरची नोकरी तिची, मी मागोमाग आलो) म्हणाली, तोवर जर्मनचा क्लास लाव. म्हटलं, फिजिक्सला भाषा लागत नाही.

१७ नोव्हेंबर
दिवाळी झाली. उत्तर नाही. जर्मन माणूस बारकाईनं वाचतो.
संकल्प: रोज वीस शब्द. आजचे उद्या.

९ जानेवारी २०२४
उत्तर आलं. लेकीनं, अवनीनं, वाचून दाखवलं. मला कळलंच होतं, पण तिचा सराव व्हावा.
इथे म्हणे शिक्षकाला दोन विषय लागतात. माझा एकच. दुसरा युनिव्हर्सिटीत शिकून या, शिवाय जर्मन. एकच विषय नीट शिकवणारा माणूस यांनी बहुधा पाहिलेला नाही.
अपील करणार.
अपील जर्मनमध्ये करावं लागतं. अपील रद्द. दुसरा विषय गणित घेतो, हातचा मळ आहे.

२१ जून
भाषेच्या परीक्षेत नापास. ऐकायच्या रेकॉर्डिंगमधली बाई फार भराभर बोलत होती. तोंडीला मात्र 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', इतक्या ठसक्यात म्हणालो की परीक्षक हसले.
अवनी घरी जर्मनमध्येच उत्तरं देते. आज माझ्याबद्दल काय म्हणाली ते कळलं. म्हणजे प्रगती आहे.

१० जुलै
ऊर्मिलानं विचारलं, कुठे होतास? म्हटलं, पाय मोकळे करत होतो. खरं तर एका शाळेच्या कुंपणाशी उभा होतो. खिडकीतून दिसलं, आत कुणीतरी लंबक शिकवत होतं.
बरं शिकवत होतं.

१७ फेब्रुवारी २०२५
पास! ऊर्मिलानं श्रीखंड केलं. सांगलीला फोन करून कळवलं, पहिल्याच फटक्यात. (तिसऱ्या.)

२८ ऑक्टोबर २०२५
युनिव्हर्सिटीत गणिताचं पहिलं ट्युटोरियल. मागे बसायचं, पोरांना हळूहळू मार्गदर्शन करायचं, असं ठरवून गेलो होतो.
ट्युटर म्हणून आली ईप्सिता. सांगलीला बारावीत माझ्याच वर्गात होती. पुढे तिच्या डिग्रीवर इथे मास्टर्सला सरळ प्रवेश मिळाला. मला बघून तिचा खडू हातातच राहिला. सर, म्हणाली. सगळा वर्ग वळला. त्यानंतर पोरांना 'डू', मला एकट्याला 'झी', म्हणजे अहो-जाहो.
तास संपल्यावर मी गणित सोडवलेला कागद घेऊन जवळ आली. हळूच, मराठीत म्हणाली, सर, उत्तर बरोबर आहे, पण पायऱ्या दाखवल्या नाहीत. परत करून आणाल का?
आणतो म्हटलं, मॅडम.